कावळा न शिवलेल्या बाई

आमच्या शाळेत भूत आहे. हे मी म्हणत नाही, शाळा म्हणते, आणि तेही छाती फुगवून. नाशकात जुन्या दगडी इमारतीत भरणाऱ्या शाळा आणखीही आहेत, पण भूत असलेली आमचीच, असा एकूण सूर असतो. इमारत इंग्रजांच्या काळातली. हातभर जाडीच्या भिंती, लाकडी जिना, आणि वरच्या मजल्याच्या टोकाला कुलूप लावलेली संगीताची खोली. मी याच शाळेत शिकले आणि आता याच शाळेत गणित शिकवते.

मी पाचवीत आले तेव्हा भूत मडमेचं होतं. पांढरा झगा, हातात कंदील, हरवलेलं कुत्रं शोधत फिरते म्हणायचे. पाहिलं कोणी? तर कोणाच्या तरी मावशीच्या जावेनं. पुढे शाळेला आपलं स्वतःचं, मराठी बोलणारं भूत मिळालं आणि मडमेला कोणी कुत्रं विचारेना. स्वदेशीचा इतका कडक अंमल मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही.

आमच्या घरात मात्र भुताला बंदी होती. आम्ही बौद्ध. वडील कारखान्यात कामगार होते आणि संध्याकाळी वसाहतीतल्या पोरांना गोळा करून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. भूत म्हणजे दुसऱ्यानं आपल्याला भिववायला पाळलेलं कुत्रं, त्याला भाकर टाकायची नाही, असं ते म्हणायचे. मी ते शाळेत येऊन जसंच्या तसं बोलले आणि आठवडाभर माझ्याबरोबर कोणी डबा खाल्ला नाही. तसंही फार कोणी खात नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आता भुताकडे येते. मी आठवीत असताना आम्हाला संगीत शिकवायला एक बाई होत्या. पंचविशीच्या असतील. पेटी सुरेख वाजवायच्या आणि पट्टी त्याहून सुरेख मारायच्या. एखादी पोरगी बेसूर ओरडली की म्हणायच्या, "सा लाव आधी. मग काय बोंबलायचं ते बोंबल." मी बेसूरच होते, तरी त्यांनी मला पहिल्या रांगेत पेटीला लागून बसवलं. आमच्यातल्या मुलींना पहिल्या रांगेत बसवायची त्या काळी कोणाला फारशी आठवण होत नसे. बाईंना झाली, म्हणून त्या मला आवडायच्या.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बाई आल्या नाहीत. मामाच्या गावी गेल्या होत्या, तापाचं निमित्त झालं, दोन दिवसांत संपल्या, असं प्रार्थनेनंतर सांगण्यात आलं. आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. मुली हमसून हमसून रडल्या, मीही रडले. अंगणातल्या नळावर तोंड धुतलं तरी हुंदका थांबेना, इतकी रडले.

दहाव्याचे विधी रामकुंडावर झाले. बाईंचे थोरले बंधू पंचवटीतले मोठे प्रस्थ, त्यामुळे शाळेतले सगळे शिक्षक हजर. पिंड ठेवला, दर्भ ठेवले, सगळे चार पावलं मागे सरले, आणि कावळा येईना. आता, रामकुंडावरचे कावळे म्हणजे पक्के सरकारी नोकर. रोजचं तेच काम, रोजचं पोटभर खाणं, घाई म्हणून नाही. पण कितीही आळशी झाला तरी कावळा तासाभरात येतोच. बाईंच्या पिंडाला दुपार झाली तरी आला नाही. बंधूंनी हात जोडून वचनं द्यायला सुरुवात केली. तुझी पेटी सांभाळू, आईला अंतर देणार नाही, धाकटीचं लग्न थाटात करू. कावळे समोरच्या देवळाच्या शिखरावर बसून ऐकत होते म्हणे. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला, आणि मंडळी घामाघूम होऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एकच विषय. कावळा शिवला नाही म्हणजे इच्छा राहिली. इच्छा राहिली म्हणजे आत्मा अडकला. अडकला तर कुठे? पेटी जिथे आहे तिथेच की. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, त्याच दुपारी कोणाला तरी वरून पेटी ऐकू आली.

मग इच्छा कोणती यावर खल. शिवणाच्या बाई म्हणाल्या, तिला पाटल्या करायच्या होत्या, माझ्याशी बोलली होती. भूगोलाच्या सरांचं म्हणणं, तिला काश्मीर बघायचं होतं. शिपाईमामांनी ठामपणे सांगितलं, तिला कायम नेमणुकीचं पत्र हवं होतं. ज्याला जे मिळालं नव्हतं ते त्यानं भुताच्या नावावर टाकलं. आणि आमच्या विज्ञानाच्या बाई, ज्यांनी सकाळीच आम्हाला हवेचा दाब शिकवला होता, त्यांनी पहिल्यांदा संगीताच्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं. पेटी आतच राहिली.

ते कुलूप पस्तीस वर्षं तसंच आहे. मी शिकले, बी.एड. केलं, याच शाळेत लागले, केस पिकले, गुडघे बोलायला लागले. माझा दहावीचा वर्ग इतका भरला की तीन ओळी व्हरांड्यात बसायला लागल्या. पावसाळ्यात त्यांच्या वह्या भिजतात. मी खोली मागितली. आधीच्या मुख्याध्यापिकांकडे मागितली, त्यांच्या आधीच्यांकडे मागितली, आताच्यांकडे मागितली. तिघींचं उत्तर एकच, "मी नाही हो मानत असलं काही, पण पालकांचं काय?" मी लेखी अर्ज द्यायला लागले. दर जूनला एक. अर्जात लिहायचे, सदर खोलीत भूत असल्यास त्याचे वर्गखोलीवरील हक्काचे कागद दाखवावेत. शिक्षकांच्या खोलीत मला नास्तिक म्हणतात, आणि मी आत आले की विषय बदलून भाजीचे भाव काढतात. मी कुठल्या घरची हे त्यांना माहीत आहे. "तुमच्यात नसतं ना हे" असं एकदा एक बाई फार गोड आवाजात म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्यात नसतं, म्हणून तर जागा कमी लागते.

मधल्या काळात भुताची चांगलीच बरकत झाली. माजी विद्यार्थिनींनी रील काढले. मागच्या वर्षी तर काळे टी-शर्ट घातलेली एक टोळी परवानगी काढून आली, हातात भूत मोजायचं यंत्र. जिन्याखाली आल्यावर यंत्र जे किंचाळायला लागलं ते थांबेना. तिथे आमचा विजेचा मीटर आहे. आतून कुठेतरी करंट उतरतो म्हणून आम्ही महिनाभर वायरमनच्या पाया पडत होतो, या पोरांनी एका मिनिटात शोधून दिलं. एवढा एक उपयोग त्या भुताचा झाला, तो मी मान्य करते.

आणि एक म्हातारी यायची. बाईंची आई. दरवर्षी बाईंच्या तिथीला रिक्षा करून एकटी यायची, जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोन साटोऱ्या आणि फूल ठेवायची, थोडा वेळ वर बघत उभी राहायची आणि निघून जायची. कोणाशी बोलायची नाही. बंधूंची त्याला हरकत नव्हती, उलट गावात आईच्या मायेचं कौतुक व्हायचं. साटोऱ्या संध्याकाळपर्यंत नाहीशा व्हायच्या. भूत खातं, असा शिपाईमामांचा निर्वाळा होता, आणि तो देताना त्यांच्या मिशीला तूप असायचं. मी सगळ्यांची टिंगल केली, पण त्या म्हातारीची कधी केली नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न सटाण्याला ठरलं.

मंगल परिणयाचा कार्यक्रम सकाळी अकराचा, म्हणजे साडेबाराचा. मी हॉलच्या मागच्या खोलीत साडी नीट करायला गेले. तिथे बायका वंदनेची तालीम करत होत्या. एक साठीची बाई पेटीवर बसली होती, पाठमोरी. एक मुलगी फार वर गेली तशी ती बाई म्हणाली, "सा लाव आधी. मग काय बोंबलायचं ते बोंबल."

माझ्या हातातली पिन खाली पडली. मी समोर जाऊन उभी राहिले. तोंडावर सुरकुत्या, चष्मा, केस पांढरेफटक, पण नाकावर राग तोच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय व? कथानी शे तू?" बाईंनी भाषासुद्धा तिकडचीच घेतली होती. मी नाशिकची म्हटलं, शाळेचं नाव सांगितलं, आठवी, पहिली रांग, पेटीला लागून. बाईंनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "ती भयंकर बेसूर पोरगी?"

लग्न लागलं, जेवणं सुरू झाली, आणि आम्ही दोघी पुन्हा मागच्या खोलीत पेटीपाशी बसलो. बाहेर बाईंचे यजमान पंगतीत भात वाढत होते. निवृत्त मास्तर, आमच्यातलेच. बाई सुट्टीत मामाच्या गावी गेल्या नव्हत्या, यांच्याशी लग्न करून सटाण्याला आल्या होत्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही तर मेलात. त्या म्हणाल्या, "कधी?" मी सगळं सांगितलं. ताप, दोन मिनिटांची शांतता, रामकुंड, शिखरावरचे कावळे, पाटल्या, काश्मीर. बाई आधी हसल्या, इतक्या की ठसका लागला. कायम नेमणुकीचं पत्र ऐकून तर पदर तोंडात कोंबला.

मला हसू येत नव्हतं. मला राग आला होता, आणि अजून आहे. माणूस जिवंत आहे हे पक्कं ठाऊक असताना पिंड मांडायचा, दर्भ मांडायचे, हात जोडून वचनं द्यायची, आणि का? तर बहीण आमच्यात आली. आमच्यात येणं म्हणजे मरणं. दहा दिवसांचं सुतक पाळलं त्यांनी आमच्या नावानं, आणि आख्खी शाळा भुताची इच्छा शोधत बसली. इच्छा लग्नाची होती आणि ती पुरी झाली होती, एवढंच कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि मी, भुताची खिल्ली उडवण्यात हुशार, मलाही पस्तीस वर्षांत विचारावंसं वाटलं नाही की बाई खरंच गेल्या का.

हसून झाल्यावर बाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "मुलगी झाली तेव्हा मी आईला पत्र टाकलं होतं. उत्तर दादाचं आलं. आई तुझ्या धसक्यानं गेली, पुन्हा लिहू नको. मग कशाला लिहू? घरात फोटो लावलाय आईचा, दादाच्या लग्नातल्या गर्दीतला कापून."

मी घोटभर पाणी प्यायले. म्हटलं, बाई, तुमची आई दरवर्षी आमच्या शाळेत येते.

बाईंनी पेटीची कड धरली. मग एवढंच विचारलं, "चालते का अजून?"

आता यात अडचण काय होती ते सांगते. बाईंना आईला भेटायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण आई राहते बंधूंच्या घरात. बंधू आता सत्तरीला टेकलेत, पण वचक तोच. घरी फोन जातो तो सुनेच्या हातातून. देवळात बरोबर नात जाते. बाई दिसल्याचा नुसता वास लागला असता तरी म्हातारीचं दाराबाहेर पडणं बंद झालं असतं, आणि पंच्याऐंशी पार केलेल्या बाईला वाट बघायला किती वर्षं उरतात? म्हातारी एकटी कुठे येत असेल तर वर्षातून एकदा, आमच्या जिन्यापाशी. आणि उभ्या नाशकात जिथे कोणी म्हणजे कोणी पाय ठेवणार नाही अशी एकच खोली होती. ती त्या जिन्याच्या वर होती.

या वर्षी तिथी रविवारी आली. शाळा बंद. उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत म्हणून मी शिपाईमामांकडून किल्ल्यांचा जुडगा घेतला. बाई सकाळच्या एस.टी.नं आल्या, डोक्यावरून पदर घेऊन मागच्या दारानं. कुलूप उघडेना, त्यात खोबरेल ओतलं तेव्हा हललं. आत धूळ, उंदरांच्या लेंड्या, आणि कोपऱ्यात पेटी. पस्तीस वर्षांत भूत म्हणून काय ते एवढंच जमलं होतं.

अकराच्या सुमाराला म्हातारी आली. पायरीवर साटोऱ्या ठेवल्या. मी जवळ गेले. धक्का बसून खरोखरच काही व्हायचं, ही भीती होतीच. म्हटलं, "आजी, वर कोणी भेटायला आलंय." म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. कोण, काय, काही विचारलं नाही. कठडा धरला आणि चढायला लागली. दोन पायऱ्या, श्वास, दोन पायऱ्या, श्वास. मी मागे.

बाई दारात उभ्या होत्या. "आई," म्हणाल्या. पुढे नुसतं "आई, आई" करत राहिल्या, शाळेतल्या लहान मुलीसारख्या.

म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, डोक्यावरून फिरवला. म्हणाली, "किती पांढरी झालीस गं."

मी बाहेर जायला निघाले तर म्हातारीनंच हात धरून बसवलं. तिला साक्षीदार हवा होता बहुतेक. बाई म्हणाल्या, "दादानं लिहिलं होतं तू गेलीस." म्हातारी म्हणाली, "मला तर त्यानं शपथ घातली. तुझं नाव काढलं तर त्या मास्तराला जगू देणार नाही म्हणाला. मग मी नाव काढलं नाही. जिन्याशी येत होते, तेवढं तर मेलेल्याच्या नावानं करता येतं. पुढे पुढे मलाच कळेना, तू आहेस का नाहीस."

मग तिनं आणखी एक सांगितलं. दहाव्याच्या दिवशी पहाटे ती देवदर्शनाचं निमित्त करून एकटी रामकुंडावर गेली होती, पदराखाली भाकऱ्यांची चळत आणि शेवेचा पुडा घेऊन. उजाडल्यावर कावळे जमले तसे त्यांना चारत बसली. भाकऱ्या, शेव, सगळं संपेपर्यंत. "जित्या पोरीच्या पिंडाला कावळा शिवू देऊ का मी?" म्हणाली. "म्हटलं, खा बाबांनो, पोट फुटेस्तोवर खा."

म्हणजे आमच्या शाळेचं भूत असं जन्माला आलं होतं. एका आईनं कावळ्यांना न्याहारी दिली म्हणून. मी हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं, आणि ते मी लपवलं नाही.

दुपारी बाई पेटीपाशी गेल्या. भाता उंदरांनी कुरतडला होता, अर्ध्या पट्ट्या मुक्या. तरी त्यांनी जोर लावून दोन-तीन सूर काढले. म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. खाली काहीतरी धाडकन पडलं. शिपाईमामा साटोऱ्या न्यायला येऊन जिन्याशी खुर्चीवर बसले होते, ते खुर्चीसकट उलटे झाले आणि फाटकाबाहेर पळाले. पस्तीस वर्षं ज्याची हमी देत होते ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

निघताना म्हातारीनं मला विचारलं, महिन्यातून एका रविवारी असं येता येईल का? तिथीशिवायही? घरी सांगेन, आत्मा जास्त तळमळतोय म्हणून. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, येईल.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. मला वाटलं शिपाईमामांनी सांगितलं असणार, आणि सांगितलं होतंच. पण त्यांच्या पुढ्यात माझा जूनचा अर्ज होता, त्यावर सही झालेली. संस्थेनं खोली माझ्या वर्गाला द्यायचं मान्य केलं होतं. रंगकाम गुरुवारपासून. व्हरांड्यातल्या तीन ओळी माझ्या डोळ्यांसमोर आल्या, भिजलेल्या वह्यांसकट.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमचंच खरं ठरलं शेवटी. पण हे मामा काल काहीतरी ऐकल्याचं सांगतायत. तुम्ही होतात ना शाळेत? तुम्ही तर असलं मानणाऱ्यातल्या नाही. तुम्ही नाही म्हणालात की मी लगेच रंगाऱ्याला फोन करते."

मी म्हटलं, "फोन करू नका. मीही ऐकलंय."

त्यांच्या हातातला पेन थांबला. "तुम्ही? काय ऐकलंत?"

"एक बाई आईला हाका मारत होती," मी म्हटलं, आणि टेबलावरचा माझा अर्ज उचलून घेतला.